खिडकीत नसलेली बाग

माझ्या मुलीने दुसरीच्या परिसर अभ्यासाच्या वहीत लिहिलं होतं की आमच्या खिडकीतून अर्धा कापलेला डोंगर दिसतो, डंपर दिसतात, विमान दिसतं आणि खालच्या जुन्या घराच्या गच्चीवर जवळा वाळत घातलेला दिसतो. इंग्रजीत लिहिलं होतं, मोडकंतोडकं. जवळ्याला, त्या बारीक सुक्या कोळंबीला, इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो शब्द जमेल त्या स्पेलिंगने तसाच ठेवला होता. नवी मुंबईतल्या आमच्या उलव्यात राहणाऱ्या कुणीही ते वाचून आमची इमारत शोधून काढली असती. मिसने त्यावर लाल पेनाने फुली मारली होती आणि खाली बरोबर उत्तर लिहून दिलं होतं: माझ्या खिडकीतून मला झाडं, पक्षी आणि एक सुंदर बाग दिसते. हे पाच वेळा लिहून आणायचं होतं.

मुलगी वही घेऊन खिडकीशी गेली. बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आई, बाग कुठल्या बाजूला आहे?"

बाग कुठल्याच बाजूला नव्हती. आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत होती. प्रत्यक्षात क्लबहाऊसच्या पायरीपाशी प्लास्टिकच्या हिरवळीचा एक तुकडा आहे, तो वॉचमन पाइपने धुतो. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांनी मात्र बाग पाहिली होती. कुणी नेरूळला राहतं, कुणी आमच्यासारखं उलव्याला, एक तर अगदी हायवेच्या कडेला, त्यांच्या खिडकीसमोर दिवसरात्र ट्रेलर उभे असतात. त्याच्याही वहीत झाडं, पक्षी आणि बाग. हे मला कळलं कारण वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यावर रोज संध्याकाळी वह्यांचे फोटो पडतात. कुणीतरी विचारतं, परिसरचे आन्सर टाका प्लीज. कुणीतरी टाकतं. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. हे सगळे पदवीधर लोक आहेत. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, एक तर कॉलेजात शिकवतो. आपल्या खिडकीतून काय दिसतं हे विचारायला त्यांना ग्रुपवर यावं लागतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. वडील गुऱ्हाळावर कामाला होते, आई दुसऱ्यांच्या रानात. दोघांनाही वाचता येत नव्हतं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती मिळाली ती आमच्या बाईंमुळे, हे मी कधी विसरले नाही. बाई पहिलीच्या वर्गाला रोज सकाळी विचारायच्या, वाटेत काय पाहिलंस. कुणी सांगायचं साप, कुणी सांगायचं एसटीचा टायर फुटला. मग बाई म्हणायच्या, आता तेच पाटीवर लिही. चुकलं तर अक्षर दुरुस्त करायच्या, साप खोडायच्या नाहीत. घरी माझं उत्तर लिहून द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता या ग्रुपवरचे पालक बघितले की वाटतं, माझे आईवडील अडाणी होते ते किती बरं झालं.

बाईंचा असा संस्कार असल्यामुळे शाळेच्या दारात गेले की माझा आवाज आपोआप खाली येतो. शिक्षकासमोर खुर्चीत बसताना अजून अवघडल्यासारखं होतं. त्याच अवघडलेपणाने मी मिसला भेटायला गेले. मिस तरुण आहे, वर्गात चाळीसच्या वर मुलं, दिवसभर उभी. हे सगळं मला दिसत होतं आणि म्हणून मी अगदी नम्रपणे वही पुढे ठेवली.

तिथे शिक्षिका मुलांच्या आईला मम्मा म्हणतात. आधी मला वाटलं होतं की हा लाडाचा भाग असेल. मग लक्षात आलं की नाव लक्षात ठेवावं लागू नये म्हणून काढलेली ती युक्ती आहे.

"मम्मा, क्वेश्चन एकदम सिंपल आहे," मिस म्हणाली. "आम्ही आन्सर बोर्डवर देतो. सगळे लिहितात. ही एकटीच काहीतरी वेगळं लिहून आणते."

तिने लिहिलंय ते खोटं आहे का, असं मी विचारलं.

"खरं-खोटं नाही हो मम्मा. आन्सर म्हणजे आन्सर असतं."

मी वही मिटली. मग मिसने मला खरी बातमी दिली. दिवाळीनंतर तोंडी परीक्षा होती. ती घ्यायला शाळेच्या को-ऑर्डिनेटर मॅडम स्वतः येणार आणि पालकांना मागे बसून बघता येणार. ज्या मुलांना दिलेली उत्तरं येत नाहीत त्यांना केअर ग्रुपमध्ये घालतात. चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासाला त्यांना वर्गातून काढून स्टोअररूमशेजारच्या खोलीत नेतात आणि तिथे उत्तरं म्हणून घेतात. काळजी करू नका, असं ती म्हणाली. नाव केअर ग्रुप, त्यामुळे काळजी शाळाच करणार होती.

केअर ग्रुपची कीर्ती मला माझ्या मुलीकडून आधीच कळली होती. त्या खोलीत जाणाऱ्या मुलांच्या मागे बाकीची मुलं 'केअर, केअर' असं ओरडत जातात. तिथे गेलेलं मूल परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं. आणि चित्रकला ही तिची शाळेतली एकमेव आवडती गोष्ट होती. बघायचं आणि काढायचं. तेच तिचं लिहिणंही होतं. तिचा तो तास काढून घेऊन तिला बंद खोलीत बाग पाठ करायला बसवलं, तर वर्षअखेरीस ती खिडकीतून बघायची बंद होईल, एवढं मला स्पष्ट कळत होतं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात डिस्पॅच सांभाळतो. तोही माझ्यासारखाच, घरातला पहिला शिकलेला, फलटणकडचा. त्याला शाळेची माझ्याहून जास्त भीती. फी भरायला गेला तरी इस्त्रीचा शर्ट घालतो. तो म्हणाला, "अगं, आपण काय इंग्रजीत जन्मलोय का? त्यांना कळतं त्यातलं. ते सांगतील ते लिहू दे तिला. आपण कुठं वाद घालत बसायचा?"

शेजारणीचंही तेच मत पडलं. आमच्या शेजारच्या दारात राहणारी ही बाई इथलीच, उलवे गावची. तिच्या सासरच्यांची जमीन विमानतळात गेली. आमच्या खिडकीतून दिसणारं ते जुनं घर त्यांचंच. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात पहिला येतो. म्हणजे गच्चीवर जवळा पसरणारी म्हातारी ही त्या पोराची सख्खी आजी. पोरगा रोज शाळेतून आला की खिडकीतून तिला हाक मारतो आणि मग वहीत लिहितो की मला बाग दिसते. त्याला पैकीच्या पैकी.

"ताई, तुमी लय टेन्शन घेता," ती म्हणाली. "पोरगी हुशार हाय तुमची. कनाला तिला वाकड्यात घालता? मिस सांगते तसा लिवाचा न मोकला व्हायचा."

मी म्हटलं, तुमच्या सासूबाई जवळा वाळवतात ते खोटं का?

ती हसली. "जवला शालेत सांगतात काय? वास येल वहीला."

त्यात तिची लाज होती. चेष्टेचा तर वर नुसता मुलामा होता. मला राग आला नाही, कीव आली. या किनाऱ्यावर हजार पिढ्या जवळा खाऊन वाढलेल्या घरातली बाई आपल्या पोराच्या वहीला वास येईल म्हणून घाबरते, आणि जे पुस्तकवाले ही बाग छापतात त्यांना उलवे नकाशात दाखवता येणार नाही.

नवऱ्याच्या आग्रहामुळे मुलीला नवव्या मजल्यावरच्या ट्यूशनला घातलं. आमच्या सोसायटीत या ट्यूशनवाल्या मॅडमची फार किंमत आहे. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोक बाजूला होतात. त्यांच्याकडे गेलेलं मूल केअर ग्रुपमध्ये जात नाही, अशी त्यांची ख्याती. मी पहिल्या आठवड्यात एकदा मुलीला आणायला लवकर गेले आणि त्यांची शिकवायची रीत पाहिली.

मुलं जेवणाच्या टेबलाभोवती बसली होती. मॅडम सोफ्यावर बसून मेथी निवडत होत्या. पुस्तक कुठेच नव्हतं. मॅडमनी मेथीची काडी टाकली आणि तीन बोटं वर केली. सगळी मुलं एका सुरात ओरडली की गाय आपल्याला दूध देते. मॅडमनी चार बोटं दाखवली. आई आपल्यासाठी स्वयंपाक करते. दोन बोटं. पोस्टमन आपली पत्रं आणतो. माझी मुलगीही ओरडत होती, बाकीच्यांच्या ओठांकडे बघत, अर्ध्या शब्दाने मागे.

मी विचारलं, मॅडम, प्रश्न विचारत नाही का तुम्ही?

"प्रश्न कशाला पाठ करायचा?" मॅडम म्हणाल्या. "मार्क उत्तराला असतात."

मी म्हटलं, परीक्षेत नंबर बदलून विचारलं तर?

"नाही बदलत. शाळेत मिसपण नंबरनेच घेतात." आणि मग मला समजावणीच्या सुरात, जसं खेड्यातून आलेल्या माणसाशी बोलतात तसं, "तुमचं शिक्षण मराठीतून ना? म्हणून तुम्हाला हे नवीन वाटतं."

आमच्या गावाकडे नंदीबैल घेऊन येणारा माणूस ढोलकं वाजवायचा आणि बैल मान हलवायचा. पाऊस पडेल का, हो. मुलगा होईल का, हो. त्या बैलाला निदान प्रश्न ऐकवायचे. इथे तेवढेही कष्ट नव्हते. नवव्या मजल्यावर बी.एड. झालेली बाई बोटं दाखवत होती आणि मुंबईची मोठमोठी पगारदार माणसं आपली पोरं तिच्याकडे आणून सोडत होती.

तरीही मी तिला लगेच काढलं नाही. नवरा म्हणाला, परीक्षेपर्यंत जाऊ दे. मग एका संध्याकाळी मी सीवूड्सच्या ऑफिसातून घरी आले. मुलगी खिडकीशी उभी होती. तिकडे डोंगरावर मोठं काहीतरी चाललेलं दिसत होतं, धूळ उठली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय दिसतंय गं आज?"

ती वळली आणि म्हणाली, "कितवा आहे हा?"

मला आधी कळलंच नाही. ती वाट बघत होती. मी कितवा ते सांगितलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची ट्यूशन बंद केली. नवऱ्याचं आणि माझं त्यावरून दोन दिवस नीट बोलणं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण ती केअर ग्रुपमध्ये गेली तर तुझ्यामुळे. मी म्हटलं, चालेल.

मग जे आम्ही केलं त्याला काही पद्धत वगैरे नाव देण्यासारखं नव्हतं. रोज एक खरी गोष्ट. आधी मराठीत सांगायची, पोटभर. मग तीच इंग्रजीत, जमेल तेवढी. अडलेला शब्द माझ्याकडे मागायचा, मलाही अडला तर दोघींनी मिळून शोधायचा. तिला 'बी' आणि 'डी' उलटे पडायचे. पाणीपुरीवाल्यावर चार ओळी लिहिताना ती रडली होती, कारण तिला तिखट हा शब्द हवा होता आणि इंग्रजीत जो सापडला तो गरम पाण्याचाही होता. ती म्हणाली, हे बरोबर नाही, पाणीपुरी गरम नसते. मला ते रडणं आवडलं. शब्द चुकीचा आहे म्हणून रडणारं मूल त्या सगळ्या ग्रुपवर दुसरं नसेल.

वाचन तिने शिकून घेतलं ते मात्र कळंबोलीला. रविवारी बाजार अर्धा चालू असतो, तेव्हा नवरा दोन तास जातो. घरातल्या कटकटीतून सुटायला म्हणून तो एकदा तिला घेऊन गेला. तिथे यार्डात देशभरातले ट्रक उभे असतात आणि प्रत्येकाच्या मागे, बाजूला, दारावर काहीतरी रंगवलेलं असतं. अंतर ठेवा, हॉर्न वाजवा, मालकाच्या मुलांची नावं, गावांची नावं. ती वाचत सुटली. अक्षरं हातभर मोठी, रंगीत, आणि प्रत्येक शब्दाच्या मागे खरा ट्रक उभा. हे गाव कुठे आहे, हा किती दिवस चालून आला, ड्रायव्हर झोपतो कुठे. नवऱ्याला उत्तरं माहीत होती, ती त्याची रोजची भाकरी होती. ज्याला शाळेत इस्त्रीचा शर्ट घालूनही घाम फुटतो तो माणूस यार्डात पोरीचा हात धरून तिच्याकडून इंग्रजी वाचून घेत होता. पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, मी नेतो हिला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने नेलं नसतं.

शेजारणीला हे कळलं. लिफ्टमध्ये भेटली की विचारायची, "काय ताई, ट्रकवाली शाला कशी चाललीय?" आणि लिफ्टमधले बाकीचे आपल्या मोबाइलमध्ये बघून हसायचे. हसू दे. त्यांची मुलं त्या वेळी नवव्या मजल्यावर बोटं बघत होती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही पालक वर्गात मागच्या बाजूला लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. काही जणांनी शूटिंग करायला मोबाइल काढून ठेवले होते. नवरा आला नव्हता, त्याला धीर झाला नाही. को-ऑर्डिनेटर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चष्म्याच्या, कुठल्याशा मीटिंगला उशीर झालेल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मधलंच एक पान उघडलं आणि शेजारणीच्या मुलाला विचारलं, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?

मुलगा ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला की झाडं, पक्षी आणि एक सुंदर बाग.

त्याची चूक नव्हती. पहिला नंबर त्याचा, म्हणजे पहिलं उत्तर त्याचं. त्याने ते एक शब्दही न गाळता दिलं होतं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या मुलीला विचारलं, गाय आपल्याला काय देते. ती म्हणाली, पोस्टमन आपली पत्रं आणतो. ओळीने तसंच चाललं. मागे बसलेल्या पालकांत खुसफुस सुरू झाली. पण ऐका, खुसफुस कसली होती. एक बाप कुजबुजला की मॅडम सिक्वेन्सने विचारत नाहीत, हे अनफेअर आहे. दुसरी म्हणाली, ग्रुपवर टाकायला हवं. आपल्या मुलाला साधा प्रश्न समजला नाही याचं एकालाही वाईट वाटलं नव्हतं. प्रश्नानेच लबाडी केली होती.

मग मी मिसकडे बघितलं. ती मॅडमच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. चेहरा उतरला होता. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तसा तिने हात पोटाशी धरून हळूच चार बोटं उघडली. मुलांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. समोरची मुलगी म्हणाली की आई आपल्यासाठी स्वयंपाक करते. बरोबर. पुढच्याला दोन बोटं. बरोबर. मॅडमचा चेहरा निवळला. पालकांनी पाय लांब केले. मोबाइल पुन्हा वर झाले. सगळ्या खोलीला बोटं दिसत होती, फक्त मॅडमना नाही. एकाही आईबापाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मिसबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती.

माझ्या मुलीची पाळी आली. मॅडमनी विचारलं, तुझ्या खिडकीतून तुला काय दिसतं? मिसने घाईत चार बोटं दाखवली. गडबडीत तिचाही नंबर चुकला होता. मुलीने बोटांकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. पुन्हा बोटांकडे. आणि मग मिसला मदत करावी अशा सुरात, मराठीत म्हणाली, "मिस, चार नाही. त्यांनी खिडकीचा विचारलाय."

मॅडम वळल्या. मिसने हात खाली सोडला, पण बोटं तशीच उघडी राहिली होती.

मुलीला वाटलं, आता आपण उत्तर द्यायचं. ती देऊ लागली. डोंगर. कापलेला डोंगर. रोज थोडा कमी. विमान येतं तेव्हा काच हलते. खाली त्याची आजी, असं म्हणून तिने शेजारणीच्या मुलाकडे बोट दाखवलं, जवळा वाळवते, आणि कावळे आले की काठी आपटते. यातलं निम्मं इंग्रजीत होतं, व्याकरणाच्या नावाने आनंद होता. तो मुलगा लाल झाला. शेजारीण माझ्या पलीकडच्या बाकावर होती, तिने पदर नसताना पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली.

मॅडमनी विचारलं की जवळा किती दिवसांत वाळतो. पुस्तकात नसलेला हा त्या दिवसातला पहिला प्रश्न. मुलगी म्हणाली, "माहीत नाही. बघून सांगते." मॅडम थोडं हसल्या. मला एक क्षण आमच्या बाईंसमोर बसल्यासारखं वाटलं. एकच क्षण. मॅडमनी घड्याळ बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मिसला म्हणाल्या, हिच्या सेंटेन्सेसवर काम करा. बोटांबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत. मीटिंगला उशीर झाला होता.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. बोटं बघून बोललेली सगळी मुलं वर्गात राहिली. शेजारणीच्या मुलाचं आणि त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्तर नर्व्हसनेसमध्ये गेलं असं धरून त्यांना पुन्हा संधी दिली, त्याचा पहिला नंबर शाबूत राहिला. माझ्या मुलीचं नाव केअर ग्रुपसाठी आलं आणि मला संमतीची सही करायला बोलावलं.

मिस या वेळी माझ्याशी फार गोड बोलली नाही. मी विचारलं, तिथे तिला काय शिकवणार? ती म्हणाली, उत्तरं म्हणून घेणार, कॉन्फिडन्स येईपर्यंत. मी म्हटलं, त्या दिवशी तिने उत्तर दिलं नाही का? मिस म्हणाली, दिलं, पण स्वतःचं दिलं.

माझा आवाज नेहमीसारखा खाली आलेला होता. शाळेची ती रंगाचा वास मारणारी पांढरी भिंत, टेबलावरचा पेन, समोर खुर्चीत शिक्षिका. आयुष्यभर अशा टेबलापुढे मी हो म्हटलेलं होतं आणि त्या हो म्हणण्यानेच मी इथवर आले होते. बाईंनी सांगितलं म्हणून तालुक्याला गेले, सरांनी सांगितलं म्हणून सायन्स घेतलं. शिक्षकाला नाही म्हणायला जीभच वळत नव्हती. पण मी समोर बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं की इथे शिक्षक म्हणावं असं कुणी बसलेलंच नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग पुढची जबाबदारी आमची नाही, मम्मा."

"बरं," मी म्हटलं, आणि उठले.

त्यांना सहीशिवाय तिला नेता येत नव्हतं, त्यामुळे ती वर्गात राहिली. चित्रकलेचा तास तिचा तिला राहिला. शेजारीण आमच्याशी बोलेनाशी झाली, सासूच्या जवळ्याचा भर सभेत उद्धार झाला म्हणून. ग्रुपवर दोन दिवस कुणाचं तरी नाव न घेता शिस्तीबद्दल चर्चा झाली. मिसने त्यावर आपला उपाय शोधला. तिने माझ्या मुलीला वर्गात काही विचारायचंच बंद केलं. हात वर केला तरी नजर पुढच्या बाकावर. मुलगी घरी येऊन सांगायची, मिसला मी दिसतच नाही. हे मात्र मला लागलं. केअर ग्रुपच्या खोलीतून वाचवलं आणि वर्गातच स्टोअररूम तयार झाली, असं नवरा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात शाळेची भीती नव्हती, नुसता राग होता.

मी तिला म्हटलं, त्या विचारत नाहीत तर तू विचार.

त्याच आठवड्यात शाळेच्या डायरीत मिसचा शेरा आला. लाल शाईत, इंग्रजीत: आपली मुलगी धडा चालू असताना अनावश्यक प्रश्न विचारून वर्गाचा वेळ घालवते, कृपया लक्ष द्यावे. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

मी मुलीला विचारलं, काय विचारलंस तू?

ती बूट काढत होती. म्हणाली की मिस पोस्टमनचा धडा घेत होत्या. "मी म्हटलं, मिस, तुमच्याकडे येतो का पोस्टमन? त्या म्हणाल्या, गप बस. मग मी म्हटलं, आमच्याकडे नाही येत, आमच्याकडे डिलिव्हरीवाले काका येतात, वॉचमन त्यांना लिफ्ट वापरू देत नाही. का नाही देत?"

"मग?"

"मग सगळी पोरं सांगायला लागली, आमच्याकडेपण नाही देत. मिस ओरडल्या." तिने मोजे बुटात कोंबले. "का नाही देत, आई?"

नवरा कामावरून येऊन हात धूत होता. तो टॉवेलला हात पुसत आला, शेरा त्याने उभ्याउभ्या वाचला आणि पेन मागितला. रेघेवर त्याने सही केली, पूर्ण नावाची, बँकेत करतो तशी. मग मुलीकडे वळून म्हणाला, चल, खाली जाऊन वॉचमनलाच विचारू. ती अनवाणीच निघाली.